उलटी बोली

लिलाव म्हटला की बोली चढत जाणार, हे आपण गृहीतच धरतो. एकजण शंभर म्हणतो, दुसरा सव्वाशे म्हणतो, तिसरा दीडशेवर नेतो आणि हातोडी पडते. पण गेल्या पंचवीस वर्षांत जगात असा एक बाजार उभा राहिला आहे, जिथं बोली वर चढत नाही, खाली उतरते. तिथं जमीन, जनावर किंवा जुनं सामान विकायला नसतं. तिथं माणसाचं काम विकायला असतं आणि बोली लावणारा स्वतःच त्या कामाचा मजूर असतो.

हा बाजार इंटरनेटवर भरतो. समजा, अमेरिकेतल्या एखाद्या दुकानदाराला आपल्या मालाची यादी संगणकावर टंकून हवी आहे. तो संकेतस्थळावर जाहिरात टाकतो : दोन हजार वस्तू आहेत, आठ दिवसांत काम हवं. थोड्याच वेळात मनिला, ढाका, नैरोबी, पुणे अशा ठिकाणांहून निरोप येऊ लागतात. एक म्हणतो शंभर डॉलर, दुसरा साठ, तिसरा पस्तीस. काही संकेतस्थळांवर दुसऱ्याची बोली दिसते, काहींवर ती झाकलेली असते. पण आपल्याखाली कोणीतरी असणारच, ही धास्ती दोन्हीकडे सारखीच.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा जव्हार-मोखाड्याशी काय संबंध? मी इतिहासाचा शिक्षक. त्या बाजूच्या मुलांना बरीच वर्षं शिकवत आलो. पदवी हातात आलेली, संगणकाचा अभ्यासक्रम केलेली मुलं अलीकडे एकच प्रश्न विचारतात : "सर, घरबसल्या परदेशातलं काम मिळतं म्हणतात, खरं का?" खरं आहे. पण हो म्हणून मोकळं व्हावं, असा हा प्रश्न नाही. ज्या मुलखातली ही मुलं आहेत, त्या मुलखानं लिलाव, आगाऊ रक्कम, दर आणि मध्यस्थ यांचा अनुभव शंभर वर्षं घेतला आहे. त्या अनुभवाला आजच्या बाजाराबद्दल बरंच काही सांगायचं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. नोकरी न करता काम करणं ही काही इंटरनेटनं आणलेली गोष्ट नव्हे. इंग्रजीत अशा माणसाला 'फ्रीलान्सर' म्हणतात. शब्दशः पाहिलं तर 'मोकळा भाला', म्हणजे कोणा एका राजाच्या पदरी नसलेला आणि मोबदला देईल त्याच्यासाठी लढणारा भालाईत. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅनहो' कादंबरीनं हा शब्द रूढ केला. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधीपासून 'शिलेदार' हा शब्द आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येई. त्यामुळे त्याला मोबदला जास्त आणि मानही जास्त. पण घोड्याचा दाणापाणी आणि त्याची जोखीम मुख्यतः त्याच्याच माथी. संगणक स्वतःचा, वीज स्वतःची, इंटरनेटचं बिल स्वतःचं, आजारपण स्वतःचं, अशा अटीवर काम करणारा आजचा तरुण हा शिलेदारच आहे. शिलेदारी वाईट नाही. पण घोडा कोणाचा हे ठाऊक असल्याशिवाय ती पत्करू नये.

आता जव्हारकडे वळू. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं संस्थान. चौदाव्या शतकात जायबा मुकणे यांच्यापासून त्याची परंपरा सांगतात. जेमतेम तीनशे चौरस मैलांचं हे डोंगराळ संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलात होता, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात आले. संस्थानी अंमल असो की इंग्रजी, दोन्हीकडे वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाचरात भात. पाऊस धो धो पडणार आणि मार्च उजाडला की बायका डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालणार.

या मुलखात पैसा होता तो जंगलात. साग, ऐन आणि त्याशिवाय गवत. मुंबईच्या तबेल्यांना आणि इमारतींना हे सगळं हवं होतं. जंगलाचे भाग पाडलेले असत, त्यांना 'कूप' म्हणत. दरवर्षी तोडीला आलेल्या कुपांचा लिलाव होई. व्यापारी बोली लावत आणि सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला कूप मिळे. हा लिलाव वर चढणारा होता, सरकारला लाभ देणारा. पण चढ्या भावानं कूप घेतलेल्या ठेकेदारानं नफा कुठून काढायचा? लाकडाचा भाव मुंबईच्या वखारीत ठरलेला. रेल्वेचं भाडं ठरलेलं. ठरलेली नव्हती एकच गोष्ट : झाड तोडणाऱ्या माणसाची मजुरी. ती खाली रेटली की हिशेब जमे. वर चढणाऱ्या प्रत्येक लिलावाच्या तळाशी अशी एक उतरती बोली दडलेली असे. ती कोणी मोठ्यानं पुकारत नसे, एवढाच फरक.

मजूर त्या दराला तयार का होई? कारण त्याची मान आधीच अडकलेली असे. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटी घ्यायची. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला सावकाराकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. कर्ज थोडक्या रुपयांचं असे, पण हिशेबाची वही सावकाराची आणि ती वाचणाराही तोच. त्यामुळे गडी वर्षानुवर्षं सुटत नसे. मुंबई सरकारनं नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासी भागाची पाहणी करून १९३९ मध्ये अहवाल दिला. त्यात वेठ, सावकारी आणि जंगल ठेकेदारांचा व्यवहार यांची नोंद आहे. सरकारी अधिकाऱ्याच्याच लेखणीतून हे उतरल्यानं पुढे त्याकडे डोळेझाक करणं अवघड झालं.

जव्हारच्या पश्चिमेला उंबरगाव-डहाणू पट्ट्यात या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या वतीनं आदिवासींची परिषद भरली. हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे दांपत्य या चळवळीच्या पुढे होतं. वेठ आणि लग्नगडीची पद्धत बंद करायची, असं तिथं ठरलं. त्या सुमारास गवत कापणीच्या दराची मागणी पुढे आली : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मागणी ऐकायला साधी वाटते. तिच्यात खरी नवी गोष्ट होती ती दर आकड्यात सांगण्याची. 'मजुरी वाढवा' असं मोघम म्हणणं वेगळं आणि 'पाचशे पौंडाला अडीच रुपये, त्याखाली कोणीही विळा हातात घेणार नाही' असं म्हणणं वेगळं. दर कळला की पाड्यापाड्यावरचा माणूस एकाच भाषेत बोलू लागतो.

याची किंमत मोठी द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथं जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाचजणांचे प्राण गेले. तरी संप मोडला नाही. पुढच्या वर्षी, १९४६ च्या अखेरीस, जंगल तोडीचं काम करणाऱ्यांनी रोज सव्वा रुपया मजुरीसाठी काम थांबवलं आणि लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला बोलणी करावी लागली. गोदावरीबाईंनी या काळाची हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झालं आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या संपातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. वारली मजुरांनी ठेकेदाराशी झगडा केला हे खरंच. पण त्याआधी त्यांनी आपसात एक गोष्ट ठरवली होती. एकमेकांच्या खाली बोली लावायची नाही. हे ठरलं नसतं तर ठेकेदाराला पोलिसांचीही गरज पडली नसती. शेजारच्या पाड्यावरचा भुकेला माणूस त्याला पुरला असता.

स्वातंत्र्याच्या सुमारास या प्रश्नाला दुसरं एक उत्तर शोधलं गेलं. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना आदिवासींच्या प्रश्नाची आस्था होती. १९४० मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी सेवा मंडळामागे तेच होते. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या आणि काही कूप लिलाव न करता या संस्थांना दिले जाऊ लागले. तोडणारेच सभासद, ठेकेदार मध्ये नाही आणि उरलेल्या नफ्यात वाटा. कल्पना उत्तम होती. ठाणे जिल्ह्यात या संस्थांनी अनेक वर्षं कामं केली. पुढे काही ठिकाणी संस्थेच्या पाटीआडून जुनेच व्यापारी कारभार पाहू लागले. त्यातच जंगल विरळ झालं, १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर तोडीवर बंधनं वाढली आणि संस्थांचं कामच आटलं. तरी लिलाव हा काम वाटून देण्याचा एकमेव मार्ग नाही, एवढं त्या संस्थांनी दाखवून दिलं.

तिसरं उत्तर १९७२ च्या दुष्काळातून आलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली. १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. इथं सगळा क्रमच उलटा होता. मजूर कामाच्या मागे धावणार नाही, त्यानं काम मागायचं आणि सरकारनं ते द्यायचं. बोली नाही, घासाघीस नाही. खोदलेल्या मातीचं माप घ्यायचं आणि ठरल्या दरानं पैसे द्यायचे, बाईला आणि पुरुषाला सारख्याच दरानं. देशपातळीवर २००५ साली जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हाच धडा होता.

मात्र कागदावरची हमी आणि पाड्यावरची हमी यांत अंतर पडलं. काम वेळेवर निघालं नाही, निघालं तर पैसे महिनोन् महिने अडकले. हातावर पोट असलेल्या माणसाला दोन महिन्यांनी मिळणारी रास्त मजुरी परवडत नाही. तो आज मिळणाऱ्या कमी मजुरीकडे जातो. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं. तेव्हा सगळी चर्चा कुपोषणावर झाली. पण कुपोषणाच्या मागे कामाचा प्रश्न होता. आई-बाप कामासाठी गाव सोडून जाणार, मग लेकरांची आबाळ होणारच.

हे गाव सोडणं आजही थांबलेलं नाही. भात झोडून झालं, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात. भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीच्या आणि बांधकामाच्या कामावर, कोणी नाशिककडच्या बागांमध्ये. वीटभट्टीचा मालक आधी बयाणा देतो. हंगामभर आठवड्याला खर्ची देतो. शेवटी पाडलेल्या विटांचा हिशेब होतो आणि बऱ्याचदा बयाणा फिटलेलाच नसतो. मग पुढल्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं नष्ट झाली. वसईत १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी हा कायदा अमलात यावा म्हणून लढे दिले. पण बयाण्याची गाठ पुरती सुटलेली नाही. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातली माणसं कामासाठी मुंबईच्या दिशेनं जातात, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

शहरात आणखी एक बाजार आहे, नाक्याचा. कल्याण, ठाणे, विरार, भिवंडी, कुठंही सकाळी सातला नाक्यावर जा. घमेलं, थापी, रंगाचा ब्रश घेऊन माणसं उभी असतात. मुकादम येतो. "चारजण हवेत, काय घेणार?" इथं उतरती बोली उघड्यावर लागते. उन्हं वर येऊ लागली की भाव खाली येतो, कारण अकरानंतर काम मिळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. पण नाक्यालाही स्वतःची शिस्त असते. नाक्याचा म्हणून एक भाव असतो. त्याच्या फार खाली जाणाऱ्याकडे जुने कामगार डोळे वटारून पाहतात. शेजारी उभा असलेला माणूस दिसत असतो, त्याची थोडी लाज असते, थोडा धाकही असतो.

आता संगणकावरचा नाका पाहू. १९९८ मध्ये थॉमस मलोन आणि रॉबर्ट लॉबाकर या दोन अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. मोठ्या कंपन्यांऐवजी संगणकाच्या जाळ्यानं जोडलेले सुटे कामगार काम करतील, असं भाकीत त्यांनी केलं आणि त्यांना 'ई-लान्सर' म्हटलं. पुढच्याच वर्षी 'ईलान्स' हे संकेतस्थळ सुरू झालं. २००१ मध्ये संगणकाच्या आज्ञावली लिहून देणाऱ्यांसाठी 'रेंट अ कोडर' आलं. २००३ मध्ये दोन ग्रीक मित्रांनी 'ओडेस्क'ची सुरुवात केली. २००५ मध्ये 'ॲमेझॉन'नं 'मेकॅनिकल टर्क' काढलं, ज्यात चित्र ओळखण्यासारखी बारीकसारीक कामं काही सेंटांना दिली जात. २००९ मध्ये सिडनीत 'फ्रीलान्सर' उभं राहिलं. २०१३ च्या डिसेंबरात ईलान्स आणि ओडेस्क यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं आणि २०१५ पासून ती कंपनी 'अपवर्क' या नावानं ओळखली जाऊ लागली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावांतही पोचले. पुण्या-मुंबईच्या तरुणांनी सायबर कॅफेत बसून अशा कामांसाठी बोली लावायला सुरुवात केली, ती याच काळात. आज या बाजारातल्या कामगारांत भारतीयांचा वाटा जगात सर्वांत मोठा आहे.

या बाजाराचं चांगलं ते चांगलं म्हटलंच पाहिजे. काम देणाऱ्याला तुमची जात, तुमचा पाडा, तुमच्या वडिलांचं कर्ज माहीत नसतं. वीटभट्टीवर बयाणा मजुराला बांधून ठेवतो. इथं ठोक कामाचे पैसे मालकाकडून आधी संकेतस्थळाकडे अमानत म्हणून जमा करून घेतात आणि काम मान्य झालं की ते मजुराला मिळतात. हिशेब पडद्यावर दोघांनाही दिसतो, वही एकट्या सावकाराच्या हातात नसते. घर सोडावं लागत नाही, मुलांची शाळा सुटत नाही. लग्नगड्याच्या नातवाला ही गोष्ट थोडी नव्हे.

पण उरलेली बाजूही पाहू. नव्या माणसाच्या नावापुढे एकही तारा नसतो. तारे नाहीत म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून तारे नाहीत. मग पहिलं काम मिळवायला तो जवळजवळ फुकट राबतो. ही नव्या काळातली वेठच म्हणायची. संकेतस्थळ आपलं कमिशन घेतं. अपवर्कनं २०१६ पासून छोट्या कामांवर वीस टक्के कापून घेतले, २०२३ मध्ये सरसकट दहा टक्के केले आणि पुढे तेही कामागणिक बदलते ठेवले. शिवाय बोली लावण्यासाठीच 'कनेक्ट्स' नावाची नाणी विकत घ्यावी लागतात. म्हणजे नाक्यावर उभं राहण्याचंही भाडं. तासावर काम घेतलं तर दर दहा मिनिटांतून एकदा तुमच्या पडद्याचं छायाचित्र घेतलं जातं. मुकादम समोर दिसत नाही, एवढंच. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे शेजारी उभा असलेला माणूसच दिसत नाही. मनिलाच्या मुलीला मोखाड्याचा मुलगा दिसत नाही, मोखाड्याच्या मुलाला ती दिसत नाही. मग 'नाक्याचा भाव' ठरवायचा कोणी आणि कोणाशी बोलून?

त्यात २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' आलं. साधं टंकन, साधं भाषांतर, साधे मजकूर ही कामं यंत्र करू लागलं. अशा संकेतस्थळांवर लेखनासारख्या कामांची मागणी घटल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. ज्या कामांवर आपली मुलं पहिला हात मारायला निघाली होती, नेमकी तीच कामं आटू लागली. जंगल विरळ झाल्यावर जंगल कामगार संस्थांचं जे झालं, त्याची आठवण इथं येते.

कायदा अशा वेळी काय म्हणतो? नीती आयोगानं २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात देशात २०२०-२१ साली अशा सुट्या कामांवर ७७ लाख लोक असल्याचा अंदाज दिला आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असं म्हटलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं 'गिग कामगार' हा शब्द प्रथमच कायद्यात आणला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. काम जुळवून देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावा, अशी तरतूद तिच्यात आहे. ही सुरुवात चांगली आहे. पण ही सुरक्षा विम्याची आणि आजारपणाची. कामाचा दर काय असावा, त्याबद्दल संहिता अशा कामगाराला काही देत नाही. १९४५ मध्ये झरीच्या माळावर जो प्रश्न विचारला गेला, तो तिथंच उभा आहे.

म्हणून विचारणाऱ्या मुलांना मी चार गोष्टी सांगतो. पहिली, काम देण्याआधी जो पैसे मागतो, तो मालक नव्हे. नोंदणी फी, प्रशिक्षण फी, अनामत अशा नावांखाली 'डेटा एन्ट्री'च्या कामांत असंख्य तरुण फसले आहेत. दुसरी, गवत कापण्यासारखं सगळ्यांना येणारं काम घेऊन या बाजारात उतरू नका, कारण तिथं खाली जाण्याला तळच नाही. तुम्हाला जे येतं आणि मनिला-ढाक्याला येत नाही, ते शोधा. वारली, कातकरी किंवा कोकणा बोली समजून ती मराठीत आणि इंग्रजीत नेणारी माणसं फार थोडी आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे दाव्यांचे नकाशे, नोंदी करणारे हात लागतात आणि ते काम गावाजवळच मिळू शकतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ती कला ज्यांच्या हातात आहे त्यांनी ती पाचशे रुपयांच्या लिलावात का काढावी?

तिसरी गोष्ट, आपला आकडा आधी ठरवा. एका तासाला वीज, इंटरनेट, कमिशन वजा जाता किती उरलं पाहिजे, हे कागदावर लिहून भिंतीला लावा. त्याखाली बोली लावायची नाही. पाचशे पौंडाला अडीच रुपये हा आकडा ज्यांनी पाठ केला होता, त्यांना अक्षरओळख नव्हती. तुम्हाला तर पदवी आहे. आणि चौथी, एकट्यानं जाऊ नका. पाच-सातजणांनी मिळून एकच खातं, एकच नाव, एकच संस्था करा. तारे नव्या माणसाला मिळत नाहीत, संस्थेला मात्र साठवता येतात. एक आजारी पडला तर दुसरा काम पुरं करतो. गावात वीज गेली, रेंज गेली तर जव्हारला बसलेला तिसरा ते पाठवतो. जंगल कामगार संस्थेची कल्पना जंगलाबरोबर संपलेली नाही.

बोली या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक लिलावातली, दुसरी तोंडातली. जव्हार-मोखाड्याच्या माणसाची पहिली बोली नेहमी दुसऱ्यांनीच लावली. ठेकेदारानं, सावकारानं, भट्टीच्या मालकानं. आज पहिल्यांदाच त्याच्या नातवंडांना ती स्वतः लावायची संधी आली आहे. ती लावताना आकडा किती कमी सांगायचा एवढ्यावरच लक्ष राहिलं, तर पडद्यावर नवा नाका उभा राहील आणि उन्हं वर आली की भाव पडतच जाईल. चार माणसांनी एकत्र बसून, हिशेब मांडून ती लावली, तर त्या बोलीला वजन येईल. संकेतस्थळं येतील आणि जातील, गेल्या पंचवीस वर्षांत कितीतरी आली आणि नावं बदलून गेलीही. दर कोण ठरवणार, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला आपल्यापुरता सोडवावाच लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)